स्पेक्ट्रमची कॅसेट अखेर लोड झाली
मामाने १९८० च्या दशकात घेतलेला झेडएक्स स्पेक्ट्रम (ऑडिओ कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड करणारा घरगुती कॉम्प्युटर) सुरू झाला, पण कॅसेट लावली की दरवेळी तेच: ‘आर टेप लोडिंग एरर’. स्क्रीनच्या कडेला सुरुवातीच्या सिग्नलचे लाल-आकाशी पट्टे नीट दिसायचे, प्रत्यक्ष डेटाचे निळे-पिवळे आले की गाडी अडायची. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लेअरचं हेड (टेप वाचणारा भाग) पुसलं. कापूस तपकिरी झाला, फरक शून्य. मग टेप चालू ठेवून हेडशेजारचा, हेडचा कोन बदलणारा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू केसभर फिरवला. दबका आवाज एकदम कर्कश, टोकदार झाला. तिथेच थांबलो. लोड झालं! (स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खुणावून ठेवा, मी विसरलो होतो.) लगेच सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज कॉम्प्रेस न करता साठवणारी फाइल) उतरवल्या. एमपी३ नकोच, त्यात सिग्नल बिघडू शकतो.