मुंबईत वर्षभर पक्षी कसे पाहावेत

पक्षी पाहण्याचं वेड मुंबईत बहुतेकांना डिसेंबरात लागतं. शिवडीच्या फ्लेमिंगोंचे, म्हणजे रोहितांचे, फोटो फिरू लागले की दुर्बीण घेतली जाते, दोन-तीन रविवार जातात आणि मार्चच्या उन्हात ती कपाटात पडते. म्हणून माझं सांगणं असं, की सुरुवात खाडीपासून नको, घराच्या खिडकीपासून करा. महिना कोणताही चालेल.

पहिले पंधरा दिवस

दुर्बीण लागत नाही. रोज सकाळी उजाडल्यावर वीस मिनिटं एकाच जागी उभं राहायचं: गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात. आधी कावळा नीट बघा. राखाडी मानेचा गावकावळा आणि अख्खा काळा, जाड चोचीचा डोमकावळा वेगवेगळे ओळखू आले की नजर बसायला लागते. मग वर घिरट्या घालणारी घार. तिच्या शेपटीच्या टोकाला खाच असते. साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी हे त्यानंतर आपोआप येतात. ही जागा वर्षभर सोडू नका. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका पिंपळाखाली शंभरदा उभं राहिलेला माणूस जास्त शिकतो, हे मी अनुभवाने सांगते.

वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि तो काय करत होता, एवढंच लिहायचं. नाव येत नसेल तर आकार लिहा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा. चोच कशी, शेपूट कशी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकता येते आणि मर्लिन हे ॲप आवाज ओळखून देतं. पण ॲपने नाव सांगितलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी ते वहीत चढवत नाही.

यानंतर दुर्बीण. आठ बाय बेचाळीस घ्या. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेतली तर नवख्या हातात चित्र थरथरतं. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची, एवढी सवय आठवडाभर कावळ्यांवरच करा.

पावसाळा

पावसाळ्यात काही दिसत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. गायबगळ्याचं डोकं-मान केशरी झालेली असते. एरवी नाल्याकाठी मातकट रंगात दडून बसणारा वंचक पाठीवर गडद तांबूस होतो आणि नवखा माणूस त्याला दुसराच पक्षी समजतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा ऐकू येतो. दुर्बिणीला प्लास्टिकची पिशवी आणि आत कोरडा रुमाल, एवढी तयारी पुरते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी

पाऊस सरला की पाहुणे उतरतात. मैदानात शेपूट वरखाली करत पळणारा धोबी, झाडांवर हळद्या, सावर फुलली की तिच्यावर भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे, किनाऱ्यावर कुरव, म्हणजे सीगल. कुरवांना गाठिया-शेव घालू नका, ते त्यांचं खाणं नव्हे. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. 12 नोव्हेंबर हा पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस. त्या दिवसांत माहीतगारांबरोबरच्या फेऱ्या निघतात. एखादीला जाच, कारण जाणत्या माणसाशेजारी दोन तास उभं राहिलं की अनेक शंका जागच्या जागी मिटतात.

आता खाडी. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. इथे घड्याळापेक्षा पाणी महत्त्वाचं. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, तेव्हा त्यांतले बरेच नवी मुंबईच्या पाणथळींवर जाऊन बसतात. मधल्या वेळी, पाणी चढताना किंवा उतरताना, ते काठाजवळ येतात.

ही वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे साधारण नऊच्या सुमारास भरती. मग सातला काठावर हजर राहायचं. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या.

रोहित जवळ आले की चोच बघा. फिकट गुलाबी चोच आणि काळं टोक असलेला उंच, पांढुरका तो मोठा रोहित. काळपट लाल चोचीचा, गडद गुलाबी तो छोटा. मध्येच राखाडी दिसणारी त्यांची पिल्लं. ऐरोलीहून वनविभागाच्या बोटीनेही जाता येतं.

संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेला पक्षी सापडला तर ओढू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

मार्च ते मे

हा माझा सर्वांत आवडता काळ, आणि नेमके याच वेळी लोक थांबतात. पहाटे वाहनं सुरू होण्याआधी दयाळ गातो. दुपारी तांबट. त्याला शोधायचा तर निष्पर्ण फांदीचं टोक बघा: हिरवा, चिमणीहून जरा मोठा, कपाळ आणि छाती लाल. ‘टुक्, टुक्’ करताना चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो. तो मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज कधी इकडून कधी तिकडून येतोय असं वाटतं.

कावळ्याच्या घरट्यात तारांचे तुकडे दिसतील. पुढे पावसाच्या तोंडाशी कोकिळेचं पिल्लू तिथेच तोंड वासून भरवून घेताना दिसलं तर लांबूनच बघा. घरट्याजवळ फ्लॅश नको, मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं नको. त्यात त्याची ताकद फुकट जाते.

वर्ष फिरून आलं की जुनी वही उघडा. मागच्या साली पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला होता ते बघा आणि त्याच्या दोन दिवस आधीच त्या मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा.