ऑपेरा गायचाय आणि विद्यापीठात शिकवायचंही आहे? मग गळ्याचा हिशोब आधी करा

वसई-गोव्याच्या चर्च कॉयरमध्ये गाऊन, मुंबईत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा देऊन अमेरिकेत व्हॉइसमध्ये मास्टर्स करायला आलेली मुलं मला हमखास एकच गोष्ट विचारतात: गाणं सोडायचं नाही, पण पोटापाण्याचं काय? मी मेझो-सोप्रानो आहे, म्हणजे बायकांमधला मधल्या पट्टीचा आवाज, इथल्या एका विद्यापीठात व्हॉइस शिकवते आणि अजूनही ऑडिशन देते. त्यामुळे हा प्रश्न माझाही सुटलाय असं नाही.

जर्मनीत ऑपेरा हाउसच्या एन्सेम्बलमधल्या (कायम नेमलेल्या संचातल्या) गायकाला महिन्याचा पगार असतो. करार पुढे वाढवायचा नसेल तर हाउसला सहसा ३१ ऑक्टोबरपर्यंत त्याला तसं कळवावं लागतं. अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी प्रयोगागणिक मानधन. घसा बसला, प्रयोग हुकला, की त्या रात्रीचे पैसे गेले. म्हणून विद्यापीठ: पगार, आरोग्य विमा आणि व्हिसा. आपल्या पदवीला ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, १२ महिन्यांचीच मिळते; स्टेमवाल्यांसारखी (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसारखी) वाढ नाही. विद्यापीठाला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नाही हे खरं, पण तासांवर नेमलेल्या ॲडजंक्टसाठी (कंत्राटी शिक्षकासाठी) सहसा कुणी तो खटाटोप करत नाही. पूर्णवेळ जागाच शोधा.

आता गाऊन दाखवत शिकवण्याच्या ज्या खड्ड्यात मीही पडले होते, तो नीट समजून घ्या. आपल्याकडे गाणं शिकवणं म्हणजे गुरूनं गायचं आणि शिष्यानं उचलायचं. ते तिथे चालतं, कारण गुरू आपल्या पट्टीत गातो. ऑपेरात आरियाची (एकट्यानं गायच्या गाण्याची) पट्टी ठरलेली, आणि समोर दर तासाला वेगळ्या जातीचा आवाज. संगीत विभागांना मान्यता देणाऱ्या नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिकच्या नियमावलीप्रमाणे फक्त वैयक्तिक शिकवणाऱ्याचा पूर्ण लोड (पूर्णवेळ कामाचा भार) आठवड्याला साधारण १८ तास धरतात; वर्गात शिकवणाऱ्याचा १२. ते १८ तास तुम्ही गाऊन दाखवत बसलात तर स्वतःसाठी काही उरत नाही. पियानोवर बसून, मान वळवून, आवाज तापवलेला नसताना तुम्ही फ्रेज गाता. मिडल सीच्या (पियानोच्या मधोमधच्या सी स्वराच्या) वरच्या ए-वर स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. त्यातून सगळ्यात वाईट म्हणजे विद्यार्थ्याची चूक करून दाखवणं: तो गळा कसा आवळतो ते दाखवायला आपण आपला गळा आवळतो, तेही दिवसातून कितीदा! संध्याकाळी आपला रियाझ करायला बसावं तर मधल्या सुरात हवा ऐकू येते.

आणि एवढं करून विद्यार्थ्याला फारसा उपयोग नाही. बॅरिटोन (पुरुषांमधल्या मधल्या पट्टीच्या) मुलाचा आवाज मिडल सीच्या वरच्या ई-च्या आसपास वळतो, अडतो. तोच ई माझ्या आवाजाच्या खालच्या भागात येतो. मी तो कितीही सुंदर लावला तरी त्याच्या गळ्यात काय व्हायला हवं हे त्याला कळणार नाही. मी त्याला ग्लासभर पाण्यात नळी धरून तीच फ्रेज फुंकायला लावते. इंगो टिट्झे या आवाजाच्या शास्त्रज्ञानं नळीचे व्यायाम फार पसरवले. बुडबुडे सलग आले की लगेच शब्दांसकट गायला सांगते. वरच्या सुराला बुडबुडे अडखळले की त्याला स्वतःलाच कळतं, मला तोंड उघडावं लागत नाही. एकोणीस वर्षांच्या हलक्या सोप्रानोसमोर (बायकांमधल्या सगळ्यात उंच आवाजासमोर) तर मी मुळीच गात नाही. ती माझा गडद रंग उचलते आणि तो उतरवायला पुढे वर्ष जातं.

हे इतकं ताणून सांगतेय, कारण टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम करण्याचा, निर्णय बहुधा सहाव्या वर्षी होतो आणि इतर प्राध्यापकांचे पेपर मोजतात तसे आपले प्रयोग आणि रिसायटल (एकट्याच्या गाण्याच्या मैफिली) मोजतात. शिकवण्यानं आवाज खाल्ला तर नोकरीही धोक्यात.

घाबरू मात्र नका. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ जगभर गायल्या, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी शिकवलं आणि २००९ मध्ये ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ सुरू करून भारतातल्या मुलांनाही शिकवलं. दोन्ही जमतं.

पैसे भरून युरोपात भूमिका देणारे उन्हाळी कोर्स मला पटत नाहीत. तेवढ्या पैशांत चांगल्या कोचकडे महिनोन्महिने इटालियन आणि जर्मन उच्चार घासून घ्या. आणि दुसऱ्या कुणाला गाऊन दाखवायची बंदी घालणारा गुरू असेल तर तो कितीही मोठा असो, सोडा.

मुलाखतीला कॅम्पसवर बोलावलं की रिसायटल द्यावं लागतं आणि अनोळखी विद्यार्थ्याला समितीसमोर शिकवावं लागतं. तिथे गाऊन दाखवायचा मोह फार होतो. आवरा, त्याच्याकडून गाऊन घ्या. आठवड्याला किती तास, सलग किती, ऑडिशनसाठी तास पुढेमागे करता येतात का, हे सही करण्याआधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. न्यूयॉर्कच्या ऑडिशन नोव्हेंबर-डिसेंबरात गर्दी करतात, नेमक्या सेमिस्टरच्या शेवटी. मी बुडणारे तास सप्टेंबरातच जादा घेऊन टाकते.