प्री-आऊटची मोजणी: होम थिएटर प्रोसेसर घरच्या घरी कसा तपासावा

प्री-आऊट म्हणजे प्रोसेसरमधून वेगळ्या ॲम्पकडे सिग्नल नेणारं आउटपुट. लॅपटॉप एचडीएमआयने प्रोसेसरला टोन देतो, आणि ॲम्पऐवजी ऑडिओ इंटरफेसला जोडलेल्या प्री-आऊटमधून तो परत लॅपटॉपमध्ये मोजला जातो. पण सुरुवात प्रोसेसरपासून करू नका, भिंतीतल्या प्लगपासून करा. मल्टीमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा येत असेल तर पुढच्या प्रत्येक आलेखात ५० हर्ट्झचा खांब उभा दिसेल आणि दोष मात्र प्रोसेसरला लागेल. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या जांभ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो, म्हणून तिथे आधी पाणी घाला. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसले म्हणून अर्थिंग चांगलंच आहे असं समजू नका. डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे खराब अर्थिंगवरही तो तोच आकडा दाखवतो. शंका आली तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या.

वळीव आला आणि वीज गेली तर मोजणी तिथेच थांबवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर १५०, २५०, ३५० हर्ट्झचे हार्मोनिक (५० च्या पटीतले सूर) इतके येतात की घेतलेला आकडा टाकूनच द्यावा लागतो.

सामान फार लागत नाही. एचडीएमआय असलेला लॅपटॉप, बॅलन्स्ड लाइन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, मल्टीमीटर, केबली आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. इंटरफेस घेताना लाइन इनपुट किती व्होल्ट सोसतं ते पाहा. आरसीए (साधं गोल सॉकेट) प्री-आऊटचे २ व्होल्ट म्हणजे सुमारे ८ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेतली डीबी पातळी), एक्सएलआरचे (तीन पिनांचं बॅलन्स्ड सॉकेट) ४ व्होल्ट म्हणजे सुमारे १४ डीबीयू. माइक इनपुट वापरू नका, आणि ४८ व्होल्टचं फँटम (माइकला दिला जाणारा वीजपुरवठा) बंद असल्याची दोनदा खात्री करा. चुकून चालू राहिलं तर प्रोसेसरची आउटपुट पायरी जाऊ शकते.

आता मापाचं माप घ्या. इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून १ किलोहर्ट्झचा टोन सोडा आणि टीएचडी प्लस नॉइज (डिस्टॉर्शन म्हणजे विकृती आणि नॉइज मिळून सिग्नलच्या किती डीबी खाली आहेत) लिहून ठेवा. मोजायच्या यंत्रापेक्षा ही पातळी किमान १० डीबी चांगली हवी, म्हणजे चूक अर्ध्या डीबीच्या आत राहते. दोन्ही सारखेच असतील तर निकाल ३ डीबी वाईट दिसतो. प्रोसेसर ९५ डीबीचा असताना इंटरफेसही ९५ चाच असेल, तर तुम्ही दोघांची बेरीज मोजताय.

विंडोजमध्ये एचडीएमआय आउटपुट एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (आउटपुट फक्त एकाच सॉफ्टवेअरकडे), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. साध्या शेअर्ड मोडमध्ये विंडोजचा लिमिटर पूर्ण पातळीजवळ हात घालतो आणि नसलेलं डिस्टॉर्शन दिसू लागतं. टोन उणे १ डीबीएफएसवर, म्हणजे डिजिटल पूर्ण पातळीच्या १ डीबी खाली ठेवा. एचडीएमआय आणि इंटरफेस यांची घड्याळं वेगळी असतात, म्हणून एफएफटीला (सिग्नलचे फ्रीक्वेन्सीनुसार तुकडे पाडणारं गणित) ब्लॅकमन-हॅरिस ७ विंडो, ६४ हजार किंवा त्याहून मोठी लांबी आणि १६ सरासऱ्या द्या. रेक्टँग्युलर विंडोवर टोनच्या दोन्ही बाजूंना जो स्कर्ट पसरतो, तो घड्याळांच्या फरकामुळे.

प्रोसेसरमध्ये आधी आहे ते कॅलिब्रेशन सेव्ह करा. मग रूम करेक्शन, डायनॅमिक ईक्यू, डायनॅमिक व्हॉल्यूम बंद, सगळे स्पीकर लार्ज, सबवूफर नाही, ट्रिम (प्रत्येक चॅनलची पातळी कमी-जास्त करणारी सेटिंग) शून्य. प्युअर डायरेक्ट (डिस्प्ले आणि व्हिडिओ सर्किट बंद करणारा मोड) असेल तर तोही लावा, पण एकदा त्याशिवायही मोजा. दोन्हींतला फरक डिस्प्ले आणि व्हिडिओ सर्किटच्या गोंगाटाबद्दल बरंच सांगतो. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स ८० हर्ट्झखाली उतरत असेल तर बास मॅनेजमेंट (खालचे सूर सबवूफरकडे वळवणारी सेटिंग) कुठेतरी चालूच राहिलं आहे.

पातळी लावताना एक गोष्ट हमखास चुकते. स्वस्त मल्टीमीटर ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, १ किलोहर्ट्झवर तो कमी-जास्त दाखवू शकतो. म्हणून व्होल्ट लावताना १०० हर्ट्झचा टोन वापरा, आरसीएवर २ व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा, तोच आकडा सॉफ्टवेअरच्या कॅलिब्रेशनमध्ये भरा आणि मग १ किलोहर्ट्झवर या. व्होल्ट न लिहिलेला डिस्टॉर्शनचा आकडा कुणी दाखवला तर त्यावर वेळ घालवू नका. तोच प्रोसेसर १ व्होल्टला आणि ३ व्होल्टला दोन वेगळी यंत्रं असल्यासारखा वागू शकतो.

मोजणीची रेंज २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ठेवा. उणे ८० डीबी म्हणजे ०.०१ टक्के, उणे १०० म्हणजे ०.००१ टक्के, १६ बिटची सैद्धांतिक मर्यादा ९८ डीबी. आलेखाच्या तळाची रेघ उणे १४० ला दिसली म्हणून नॉइज तेवढा कमी आहे असं नाही. एफएफटी नॉइजचे हजारो तुकडे करते, त्यामुळे ६४ हजारांच्या लांबीला रेघ प्रत्यक्ष नॉइजच्या ४० डीबीहून अधिक खाली बसते. डायनॅमिक रेंजसाठी उणे ६० डीबीएफएसचा टोन सोडून ए-वेटिंग (कानाच्या संवेदनेनुसार नॉइज तोलणारा फिल्टर) लावा.

हम (विजेची घुमघुम) दिसली तर आधी ती कुठल्या फ्रीक्वेन्सीची आहे ते पाहा. ५० आणि १५० म्हणजे बहुतेक ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेल्या अर्थमधून फिरणारा करंट) किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. १०० आणि २०० म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल (एसीचं डीसी केल्यावर उरलेली लहर), म्हणजे दोष यंत्राच्या आतला. सगळ्यात जवळचा लूप तुमच्याच टेबलावर असतो. लॅपटॉपला एचडीएमआयची शील्ड जोडलेली, इंटरफेसची यूएसबीही त्यालाच जोडलेली, आणि प्री-आऊटची केबल प्रोसेसर आणि इंटरफेस यांना पलीकडून जोडते. तपासायला सोपी युक्ती म्हणजे तोच टोन ऑप्टिकल केबलने द्या. प्रकाशासोबत ग्राउंड जात नाही. ऑप्टिकलवर हम गेली तर प्रोसेसर निर्दोष.

मग एकेक वायर काढत जा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स सोडा. गल्लीतून आलेली केबल टीव्हीची वायर दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी अर्थ झालेली असते. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही उरलं तर दोन तारांची शील्डेड केबल बनवा: आरसीएची मधली पिन इंटरफेसच्या जॅकच्या टिपला (टोक), बाहेरची कडा रिंगला (मधलं कडं), आणि जाळी फक्त इंटरफेसच्या बाजूला स्लीव्हला (मागचा भाग). प्लगची अर्थ पिन तोडून हम घालवणं मात्र कधीही करू नका. एखाद्या दिवशी फेज बॉडीला आला तर ती पिनच जीव वाचवते.

हम आटोक्यात आली की मोजणीतला सगळ्यात उपयोगी भाग घ्या. टोन तसाच ठेवून व्हॉल्यूम एकेक डीबीने वाढवा आणि प्रत्येक पायरीला डिस्टॉर्शन लिहा. आधी आकडा सुधारत जातो, कारण सिग्नल नॉइजच्या वर येतो. मग एका व्होल्टला एकदम बिघडतो. तो गुडघा म्हणजे त्या प्री-आऊटची खरी क्षमता. रिसीव्हरमध्ये (प्रोसेसर आणि ॲम्प एकाच पेटीत) हा गुडघा कधी कधी आतल्या पॉवर ॲम्पमुळेच येतो. आतला ॲम्प सिग्नल २९ डीबीने, म्हणजे सुमारे २८ पट वाढवत असेल तर प्री-आऊटच्या १ व्होल्टला तो २८ व्होल्ट द्यायला जातो, म्हणजे ८ ओहमवर १०० वॉट. पुढे तो क्लिप होतो (लाटेचे माथे कापतो) आणि त्याचा कचरा प्री-आऊटवर येतो. डेनॉन-मरँट्झच्या काही मॉडेलांत प्रीअँप मोड आहे, तो आतला ॲम्प सोडवतो. तो लावून पुन्हा मोजा.

हा गुडघा तुमच्या ॲम्पच्या सेन्सिटिव्हिटीशी (पूर्ण ताकदीला लागणारे इनपुट व्होल्ट) ताडून पाहा. गणपतीतल्या साऊंड सिस्टीमवाल्यांकडून घेतलेला पीए ॲम्प बहुधा ०.७७५ किंवा १.४ व्होल्टला पूर्ण ताकद देतो. प्री-आऊट २ व्होल्टपर्यंत स्वच्छ असेल तर तुमचं काम झालं. अशा वेळी आणखी १० डीबी चांगल्या आकड्यासाठी दुसरा प्रोसेसर घेणं आमच्या मते पैशाची नासाडी आहे. ते पैसे सबवूफरला घाला.

जिटरसाठी (घड्याळाच्या ठोक्यांतली डळमळ) ४८ किलोहर्ट्झवर १२ किलोहर्ट्झचा टोन सोडा आणि दोन्ही बाजूंचे काटे पाहा. उणे ११० डीबीखाली असतील तर पुढे जा. इंटरमॉड्युलेशनला (दोन सूर एकमेकांत मिसळून होणारी विकृती) ६० हर्ट्झ आणि ७ किलोहर्ट्झ, ४ ला १ या प्रमाणात. एवढं प्रत्येक चॅनलवर करा, कारण मागचे चॅनल पुढच्यांइतके चांगले असतातच असं नाही. प्रत्येक ओळीत चॅनल, इनपुट, मोड, व्हॉल्यूम आणि व्होल्ट लिहा.

शेवटी आवाज पूर्ण खाली आणा, मगच ॲम्पच्या केबली परत जोडा आणि सेव्ह केलेलं कॅलिब्रेशन लोड करा. स्पीकर लार्जवर राहून गेले तर पहिल्याच स्फोटाच्या दृश्यात छोट्या सराउंडचे वूफर त्यांच्या मर्यादेवर आपटतील.