जोर्वे खापरांची फोटोग्रामेट्री: प्रात्यक्षिकाआधी काय तयार हवं

फोटोग्रामेट्री म्हणजे अनेक कोनांतून काढलेल्या फोटोंवरून सॉफ्टवेअरने वस्तूचं त्रिमितीय प्रारूप बनवणं. तिच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला जोर्वे खापरंच, म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांचे तुकडेच, घ्या. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली ही भांडी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातही भरपूर मिळाली. लाल पृष्ठभागावर काळी भौमितिक नक्षी असल्याने सॉफ्टवेअरला पकडायला बिंदू मुबलक मिळतात. इनामगावचीच कॅल्सेडनी या दगडाची पाती मात्र नंतरसाठी ठेवा. दगड अर्धपारदर्शक, उजेड आत शिरतो, धारेपाशी प्रारूपाला भोकं पडतात.

गटाला तीन तुकडे पुरेत: काठाचा, कंगोऱ्याचा आणि पोटाचा. तुकड्यावरचा शाईचा क्रमांक नोंदवहीशी ताडून मगच तो टेबलावर घ्या. हातात नायट्राइलचे मोजे हवेत. अन्नांशाच्या तपासणीसाठी राखलेला तुकडा तर इथे आणूच नका. आधाराला प्लास्टिसिन नको. खापर सच्छिद्र, त्यातलं तेल शोषून घेतं आणि डाग जात नाही. काळ्या फोमला चीर पाडा आणि तुकडा जेमतेम उभा राहील इतकाच रोवा. आडवा ठेवला की वरच्या आणि खालच्या फोटोंत सामाईक उरते ती फक्त कड, आणि दोन्ही बाजू जुळता जुळत नाहीत. उभ्या तुकड्याच्या दोन्ही बाजू सरळ आणि उलट्या, दोन्ही फेऱ्यांत दिसतात. निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

कॅमेऱ्याला 50 किंवा 60 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, खाली तिपाई. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/11, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स पक्का. फोकस एकदा लावून ऑटोफोकस बंद करा. बटण हाताने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. फ्लॅश नको, दोन बाजूंनी सॉफ्टबॉक्सचा मंद उजेड ठेवा.

फिरत्या पाटावर दर 10 अंशांना खूण करा. एका उंचीवरून 36 फोटो, तीन उंचींचे 108, तुकडा उलटा रोवून पुन्हा 108. रॉ फाइल साधारण 25 एमबीची धरली तर एका तुकड्याला साडेपाच जीबी लागतात, म्हणून कार्ड 64 जीबीचं घ्या. मागे काळं मखमली कापड हवंच. पाट फिरतो, भिंत फिरत नाही. भिंत दिसली की सॉफ्टवेअर तिलाच स्थिर धरतं आणि सगळी जुळणी कोसळते.

मोजपट्ट्या दोन हव्यात, पाटावरच, तुकड्याच्या शेजारी: एक प्रमाण ठरवायला, दुसरी तपासायला. कागदावर छापलेली पट्टी व्हर्नियरने मोजल्याशिवाय वापरू नका. प्रिंटरने पानात बसवायला आकार कमी केला की 100 मिलिमीटरची पट्टी 97ची होते, आणि काठाचा व्यास चुकला तर भांड्याचा आकारच चुकतो. तुकडा उलटवल्यावर पट्ट्या उचला, कारण त्यांची आणि तुकड्याची जागा आता एकमेकांशी जुळत नाही.

संगणकाला 32 जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असावं. या कार्डाशिवाय मेशरूममध्ये, म्हणजे फोटो जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दाट प्रारूप बनत नाही. मेशरूम आणि तयार प्रारूप मोजायचं क्लाउडकंपेअर, दोन्ही मोफत आहेत, आदल्या दिवशीच बसवून घ्या. फोल्डरची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या: स्थळ, चर, थर, क्रमांक, याच क्रमाने.

प्रत्येक फेरीनंतर, तुकडा फोममधून काढण्याआधी, कार्डावरचे फोटो मोजा. त्या फेरीचे 108 भरले नाहीत तर सुटलेला कोन तिथल्या तिथे घ्या. तुकडा एकदा हलला की ती फेरी पहिल्यापासून करावी लागते.