मिडलसेक्स काउंटीत हायस्कूलला मूल घालणाऱ्या मराठी पालकांसाठी: शाळेच्या संघाबद्दल

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे एडिसन, इसेलिन, साउथ ब्रन्सविक, पिस्कॅटवे किंवा मन्रो येथे नव्याने राहायला येणारी मराठी कुटुंबे घर शोधताना शाळेचे शैक्षणिक मानांकन पाहतात, गणिताच्या वर्गांची चौकशी करतात आणि भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड किती मिनिटांवर आहे हेही विचारतात. पण त्या शाळेचे संघ कोणाशी खेळतात आणि आपल्या मुलाला संघात जाण्यासाठी काय करावे लागते, हे क्वचितच कोणी विचारते. येथे येऊन मला बरीच वर्षे झाली. माझी दोन्ही मुले येथील सार्वजनिक शाळांतून खेळली, आणि मी केलेली चूक दरवर्षी ऑगस्टमध्ये एखादे तरी नवे कुटुंब पुन्हा करताना दिसते, म्हणून हे लिहीत आहे.

मिडलसेक्स काउंटीतील बहुतेक हायस्कूल ‘ग्रेटर मिडलसेक्स कॉन्फरन्स’ या शालेय क्रीडा संघटनेची सदस्य आहेत. सगळे तिला जीएमसी म्हणतात. एडिसनमधील एडिसन हायस्कूल आणि जे. पी. स्टीव्हन्स, वुडब्रिज टाउनशिपमधील वुडब्रिज, कोलोनिया आणि इसेलिनचे जे. एफ. केनेडी, तसेच ईस्ट, नॉर्थ आणि साउथ ब्रन्सविक, ओल्ड ब्रिज, सेयरव्हिल, पर्थ अ‍ॅम्बॉय, कार्टरेट अशा मोठ्या शाळांबरोबर मेटचन, डनेलन, स्पॉट्सवुड, हायलंड पार्क अशा लहान गावांच्या शाळा आणि मेटचनच्या सेंट जोसेफसारख्या खासगी शाळाही तिच्यात आहेत. ताकद आणि आकार पाहून शाळांचे गट पाडले जातात आणि त्यांना रेड, व्हाइट, ब्लू अशी रंगांची नावे दिली जातात. मोसमातले बहुतेक सामने आपल्या गटातील शाळांशी होतात आणि त्यानंतर काउंटीची स्पर्धा असते. अमेरिकन फुटबॉलची व्यवस्था मात्र वेगळी आहे: २०२० पासून त्या खेळापुरते येथील संघ शेजारच्या काउंट्यांबरोबर ‘बिग सेंट्रल’ या मोठ्या गटात खेळतात. या सगळ्यांच्या वर राज्याची शालेय क्रीडा संघटना, म्हणजे एनजेएसआयएए, आहे. पात्रतेचे नियम तिचे असतात. ते शाळा बदलू शकत नाही, त्यामुळे कोचपाशी विनवणी करून काहीही साध्य होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. खेळाचे वर्ष सप्टेंबरमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये सुरू होते. न्यू जर्सीत शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास उघडते, म्हणून आपण तोपर्यंत भारतात राहण्याचे ठरवतो. गणपती त्याच सुमारास आले तर ते करूनच परतू, असेही वाटते. पण शरद ऋतूतील खेळांचा, म्हणजे सॉकर (आपला फुटबॉल), क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानांतून लांब पल्ल्याची धाव), फील्ड हॉकी, मुलींचे व्हॉलिबॉल आणि मुलींचे टेनिस यांचा सराव आणि निवड शाळा उघडण्यापूर्वीच, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात होऊन जाते. टेनिसबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: मुलींचा मोसम शरदात असतो आणि मुलांचा वसंतात. मुलगा आणि मुलगी दोघेही खेळत असतील तर दोघांचे कागद वेगवेगळ्या वेळी भरावे लागतात.

दुसरी अट वैद्यकीय तपासणीची आहे. तिला सगळे ‘फिजिकल’ म्हणतात आणि ती सरावाच्या पहिल्या दिवसापूर्वीच्या ३६५ दिवसांत झालेली असावी लागते. तपासणीला ९० दिवसांहून अधिक काळ लोटला असेल, तर पालकांनी प्रकृतीच्या माहितीचा आणखी एक अर्ज भरून द्यायचा असतो. तपासणी राज्याने ठरवलेल्या अर्जावरच हवी, आणि खेळाडूंच्या हृदयतपासणीचे राज्याने आखलेले प्रशिक्षण पूर्ण केल्याचे ती करणाऱ्या डॉक्टरांनी त्या अर्जावर स्वतः सही करून नमूद करावे लागते. एवढे झाल्यावर शाळेने नेमलेले डॉक्टर अर्ज वाचून परवानगी देतात, आणि ती मिळेपर्यंत मुलाला सरावालाही उभे राहता येत नाही.

यातले बरेचसे मला त्या वर्षी ठाऊक नव्हते. मुलगी नववी संपवून दहावीत जाणार होती, वर्षभर टेनिसचा सराव करत होती, आणि आम्ही जुलैत पुण्याला गेलो. तेथे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला लहानपणापासून पाहिले होते. त्यांच्याकडून तपासणी करून घेतली की येथील भेटीचा खर्च आणि हेलपाटा वाचेल, असा विचार मी केला. त्यांनी अर्धा तास देऊन तिला नीट तपासले, निळ्या शाईत सही केली आणि शिक्का मारला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात परतलो आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही शाळेत गेलो. नर्सने पाने उलटली, शेवटच्या पानावरील प्रशिक्षणाच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवले आणि अतिशय सौम्यपणे सांगितले की हा अर्ज चालणार नाही. मुलगी खांद्यावर रॅकेटची पिशवी घेऊन शेजारी उभी होती. येथील डॉक्टरांची पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आणि तोवर संघ ठरून गेला होता. हायस्कूलमध्ये एका खेळाचे चारच मोसम मिळतात आणि त्यातला एक माझ्या अर्धवट माहितीमुळे गेला. तिने त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही, पण त्या सप्टेंबरात ती शाळेतून थेट घरी यायची आणि खोलीचे दार लावून घ्यायची.

म्हणून पुन्हा सांगते: फिजिकल येथेच करावे, एप्रिल किंवा मेमध्येच करावे, आणि विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरकडून, म्हणजे खेळांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून, सरावाच्या पहिल्या दिवसाची तारीख घ्यावी. अर्ज दिल्यावर ‘मिळाला’ या उत्तरावर थांबू नये. ‘मंजूर झाला का’ हे विचारावे. डोक्याला मार, अचानक हृदय बंद पडणे आणि वेदनाशामक औषधांचे व्यसन यांविषयीची माहितीपत्रके वाचल्याच्या सह्याही याच वेळी द्यायच्या असतात. त्या न वाचता करू नयेत. डोक्याला मार बसल्यावर मूल ‘काही नाही झाले’ म्हणाले, तरी डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मैदानात सोडत नाहीत, आणि हे अगदी योग्य आहे.

भारतातून थेट दहावी-अकरावीच्या वयात येणाऱ्या मुलांसाठी दोन नियम महत्त्वाचे आहेत. १ सप्टेंबरपूर्वी वयाची १९ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षी खेळता येत नाही, आणि नववीत प्रवेश केल्यापासून सलग आठ सत्रेच, म्हणजे चार वर्षेच, पात्रता टिकते. इंग्रजी सुधारावे म्हणून मुलाला एक इयत्ता खाली बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी, प्रवेशाच्या वेळीच गुणपत्रिका समोर ठेवून याबाबत विचारून घ्यावे. खेळासाठी शाळा बदलण्याच्या भानगडीत पडू नये. कुटुंब खरोखर राहते घर बदलत नसेल, तर दुसऱ्या शाळेत गेल्यावर काही काळ बाहेर बसावे लागू शकते, आणि नातेवाइकाचा पत्ता देणे हा सरळसरळ खोटेपणा आहे.

शाळेच्या निवडीबद्दल माझे मत आपल्या अनेक लोकांना पटत नाही, तरीही ते सांगते. आपण सगळे मोठ्या आणि नामांकित शाळेमागे धावतो. टेनिसच्या मुख्य संघात तीन एकेरी आणि दोन दुहेरी मिळून फक्त सात खेळाडू असतात, आणि पाचांपैकी तीन लढती जिंकणारा संघ सामना जिंकतो. जे. पी. स्टीव्हन्स किंवा साउथ ब्रन्सविकसारख्या शाळेत त्या सात जागांसाठी लहानपणापासून खासगी शिकवणी घेतलेली किती मुले रांगेत असतात, याचा अंदाज करावा. मेटचन हे चारही बाजूंनी एडिसनने वेढलेले लहानसे गाव आहे. त्याच्या किंवा त्याच आकाराच्या शाळेत तेच मूल कदाचित नववीतच मुख्य संघात खेळेल. जे मूल वर्गात कोणाशी बोलत नाही, ते संघाच्या पिवळ्या बसमध्ये बोलू लागते, हे मी स्वतःच्या आणि इतरांच्या मुलांत पाहिले आहे. मोठ्या शाळेच्या हद्दीत घर घेतलेच असेल तर क्रॉस कंट्री आणि ट्रॅक (धावपट्टीवरील शर्यती) यांचा विचार करावा. तेथे बहुधा कोणाला वगळत नाहीत, आणि स्वतःच्या वेळेत दहा सेकंदांची सुधारणा झाली की सगळा संघ टाळ्या वाजवतो.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींसाठी आणखी एक सांगायचे आहे. येथील हिवाळ्यात कुस्तीला मोठा मान आहे. ती मॅटवर, वजनी गटांत आणि गुणांवर होते, आणि वजन किती उतरवावे यावर वैद्यकीय मर्यादा असते. याच कॉन्फरन्समधील साउथ प्लेनफील्डचा अँथनी ॲशनॉल्ट शाळेच्या चार वर्षांत १७० लढती लढला आणि एकही हरला नाही; चारही वर्षे तो राज्यविजेता होता, आणि २०१९ मध्ये त्याने रटगर्स विद्यापीठाकडून राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. त्याच वर्षापासून राज्यात मुलींची स्वतंत्र स्पर्धाही होते. तालमीची परंपरा सांगणाऱ्या घरांतील मुले येथे आखाड्याकडे फिरकतही नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. क्रिकेट, कबड्डी, खो-खो हे खेळ राज्य संघटनेच्या यादीत नाहीत. त्यांची वाट पाहत मुलाची पहिली दोन वर्षे घालवू नयेत.

आपल्यापैकी काही पालक खेळाकडे कॉलेजच्या अर्जातील एक ओळ म्हणून पाहतात आणि अकरावीत अचानक मुलाला एखाद्या संघात घालतात. कोचना हे लगेच कळते आणि मुलालाही कळते. काही पालक कुंपणाला चिकटून मराठीतून ‘बॅकहँडला मार, नेटवर ये’ असे सांगत राहतात. समोरच्याला समजत नाही, अशी त्यांची समजूत असते. खेळ चालू असताना बाहेरून सल्ला देणे हे नियमाबाहेरचे आहे, आणि या काउंटीत समोरच्या मुलीची आईही बहुधा मराठी असते. सामना पाहायला जरूर जावे, दोन्ही बाजूंच्या चांगल्या फटक्याला टाळ्या द्याव्यात आणि संघात जागा का मिळाली नाही हा प्रश्न मुलाने स्वतः कोचला विचारावा. आपण तो पत्राने विचारू नये.

पुण्याला आम्ही अजूनही दर उन्हाळ्यात जातो, पण शाळा संपताच निघतो आणि १० ऑगस्टच्या आत परत येतो. गणपती आता एडिसनच्या घरीच बसतात. धाकटा क्रॉस कंट्री धावत होता त्या वर्षांत संध्याकाळची आरती सात वाजता ठेवत होतो, कारण त्याची बस शाळेत साडेसहाला पोहोचायची. ती वेळ आम्ही पुढेही तशीच ठेवली आहे.