तलावाकडे उतार असलेल्या शेतांसाठी पेरणीपूर्व सल्ला

पाऊस तोंडावर आला की जमीन नांगरून उघडी पडलेली असते आणि खताची पोती शेतावर येऊन पडलेली असतात. तलावाला सर्वांत जास्त धोका याच दिवसांत असतो. वर्षभरात शेतातून जेवढे स्फुरद (म्हणजे खतातला फॉस्फरस) वाहून जाते, त्यातला मोठा वाटा बहुतेकदा मोजक्या जोरदार सरींतच निघून जातो.

नत्र (नायट्रोजन) पाण्यात विरघळून जाते, स्फुरद मात्र मुख्यतः मातीच्या बारीक कणांना चिकटून जाते. त्यामुळे बांधावरून गढूळ पाणी निघाले की त्याबरोबर खतही चालले आहे असे समजा. 50 किलो डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) या खतामध्ये मूलद्रव्याच्या हिशेबाने सुमारे 10 किलो फॉस्फरस असतो. लिटरमागे 0.035 मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला तरी तलावात शेवाळ माजू लागते. म्हणजे एवढे एक पोते 28 कोटी लिटर पाणी बिघडवायला पुरेसे आहे.

तळाशी बसले म्हणजे स्फुरद संपले, असे नाही. गाळात ते लोहाशी बांधले जाते. पण ऊन वाढून पाणी संथ झाले आणि तळचा प्राणवायू संपला, की ही बांधणी सुटते आणि तेच स्फुरद पुन्हा वर येते. म्हणूनच बाहेरून येणारे खत थांबवल्यावरही तलाव सावरायला अनेकदा 10 ते 15 वर्षे लागतात. आज वाहून गेलेल्या खताचा त्रास पुढची कितीतरी वर्षे होत राहतो.

यंदा आधी माती परीक्षण करा. अहवालात स्फुरद 'जास्त' असेल तर तज्ज्ञांना विचारून या हंगामात त्याची मात्रा कमी करा किंवा टाळा. पिकाला जमिनीतला साठा पुरू शकतो. शेणखताचेही स्फुरद हिशेबात धरा. नत्राची गरज भागवण्याइतके शेणखत घातले, तर स्फुरद सहसा गरजेपेक्षा जास्त पडते. खत फोकून देऊ नका. पेरणीबरोबर बियांच्या बाजूला आणि थोडे खाली, मातीआड पेरून द्या. दोन दिवसांत जोरदार पावसाचा अंदाज असेल तर थांबा. युरिया विभागून द्या.

मशागत आणि पेरणी उताराला आडवी करा. तलावाच्या बाजूला पाच-दहा मीटर गवताचा पट्टा राखा आणि ते गवत नियमित कापून बाहेर न्या. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. न कापलेले गवत कुजले, की अडवलेले स्फुरद पुन्हा सुटते. उकिरडा काठापासून दूर, उंचावर ठेवा.

तलाव आटल्यावर निघणारा गाळ हलक्या जमिनीला चांगला, मात्र भारी काळ्या जमिनीत निचरा बिघडवतो. तलावात सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी येत असेल, तर जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय तो शेतात टाकू नका. गाळाचे ढीग काठावर सोडले तर पहिल्याच पावसात ते परत तलावात जातात.

पाण्यावर हिरवा-निळसर तवंग दिसला तर जनावरांना तिथे पाणी पाजू नका. त्यातले विष जनावराच्या जिवावर बेतू शकते आणि पाणी उकळूनही ते जात नाही. शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याचा मोहही टाळा: मेलेल्या शेवाळातून विष एकदम पाण्यात सुटते आणि उरलेले अवशेष पुन्हा गाळातच बसतात.