मोठी फाइल बॅकअपमध्ये अर्ध्यातच तुटते? केबल बदलायच्या आधी घड्याळ बघा

नेटवर्कवरून दोन-चार जीबीची फाइल मुकाट्याने जाते आणि दोनशे जीबीची रात्री मध्येच मान टाकते. मग सल्ले सुरू होतात. राउटर बदला, स्विच बदला, अँटिव्हायरस काढा. मी हे सगळं केलंय आणि त्यात तीन आठवडे घालवलेत. तुम्ही घालवू नका.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. वायफायवरून असा बॅकअप घेऊच नका. बॅकअपची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल तिच्यावर मावतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा. जागा शिल्लक आहे का ते बघा. बॅकअप चालू असताना तीच फाइल एडिटिंगमध्ये उघडी ठेवू नका. झालं.

आता खरा घोळ: फाइल नेमकी का तुटते? तीन शक्यता धरून चला. दर वेळी त्याच आकाराला तुटत असेल तर मूळ डिस्कवर खराब सेक्टर किंवा जागेची मर्यादा. दर वेळी तेवढ्याच वेळाने तुटत असेल तर कुठलं तरी टायमर. कधीही, कुठेही तुटत असेल तर केबल, स्विच किंवा वीज.

ऐकायला सोपं वाटतं, पण मी फसलो ते इथेच. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या स्टुडिओत २०१५च्या सिंहस्थातलं रामकुंडावरचं सलग चित्रीकरण आहे, २१० जीबीची एकच फाइल. रात्री रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधलीच फाइल कॉपी करायची कमांड, लावून घरी जायचो. सकाळी बघावं तर ३४ टक्क्यांवर अडकलेली. दुसऱ्या रात्री ३३, तिसऱ्या रात्री पुन्हा ३४. म्हटलं, गेली डिस्क! पण तीच फाइल यूएसबी डिस्कवर उतरवली तर सरळ उतरली. ही चाचणी सगळ्यात आधी करा, कारण स्थानिक कॉपी नीट झाली की मूळ डिस्क सुटली.

दिवसा लावलं की बॅकअप पूर्ण व्हायचा. त्यावरून प्रत्येकाने रात्रीच्या व्होल्टेजवर खापर फोडलं. मीही एक यूपीएस विकत आणला. तो आता देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या माळेला उपयोगी पडतो.

शेवटी वीजबिलाच्या पाठीवर दोन रकाने आखले: सुरू केल्याची वेळ आणि एनएएसच्या (बॅकअप जिथे जातो ती नेटवर्कवरची डिस्कपेटी) लॉगमधली कनेक्शन तुटल्याची वेळ. ९.४० ते ११.४१. ८.१५ ते १०.१५. चक्क दोन तास! कॉम्प्युटरचं स्लीप दोन तासांवर होतं. रोबोकॉपी राबत असली तरी कोणी माऊस हलवत नाही म्हणजे विंडोजच्या लेखी मशीन रिकामं. दिवसा आम्ही त्यावरच काम करायचो, म्हणून दिवसा चालायचं.

वेग स्थिर असला की 'त्याच आकाराला' आणि 'तेवढ्याच वेळाने' हे दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून एकदा मुद्दाम सोबत दुसरी कॉपी लावून वेग पाडा. आकडा बदलला आणि वेळ तीच राहिली, तर दोष टायमरचा.

स्लीप बंद केलं, नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधली वीज वाचवायची खूणही काढली. तरी मन खात होतं. पूर्वी हाच बॅकअप रात्री का व्हायचा? हिशोब केला. दोन तासांत ७० जीबी, म्हणजे सेकंदाला साधारण १० एमबी. गिगाबिटला ११०च्या आसपास मिळायला हवा. दिवाळीच्या साफसफाईत सरकवलेल्या लोखंडी कपाटाचा पाय केबलवर बसला होता. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी गेल्यावर जोडणी निमूटपणे खालच्या वेगावर आली होती. आधी अर्ध्या-पाऊण तासात काम उरकायचं, त्यामुळे स्लीपची वेळच यायची नाही. मी बदललेली केबल होती ती पलीकडची, स्विच ते एनएएस. तेव्हा विंडोजमध्ये लिंक स्पीड १ गिगाबिट दिसतो का ते स्वतः बघा.

रोबोकॉपीला /झेड (/Z) द्या, म्हणजे तुटलं तरी पुढून सुरू होतं. /आर (/R, किती वेळा प्रयत्न) आणि /डब्ल्यूही (/W, मध्ये किती सेकंद थांबायचं) द्या, नाहीतर ती मुळात दहा लाख वेळा, दर तीस सेकंदांनी प्रयत्न करत बसते आणि तुम्हाला वाटतं काम चालू आहे. अर्धवट फाइलचा आकार पलीकडे पूर्ण दिसू शकतो, त्यावर विसंबू नका.

दोन्हीकडच्या फाइलचा एसएचए२५६, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, विंडोजमधल्या सर्टयुटिल (certutil) कमांडने काढून जुळवा. मग बॅकअपमधलीच फाइल उघडून शेवटचं मिनिट चालवून बघा, मूळ फाइल त्यानंतरच हलवा.